पहिल्या बेसवर वाट कोणाची?

गावातल्या अरुंद बोळातून आपण चाललो आहोत आणि समोरून डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली बाई येते आहे, असं समजा. आपण काय करतो? भिंतीला अंग चिकटवून उभे राहतो आणि तिला जाऊ देतो. बोळ तिच्या मालकीचा नसतो, आपणही काही चोरवाटेनं आलेले नसतो. पण तिच्या माथ्यावर काम आहे, आपण नुसते चाललो आहोत, एवढ्यावरून वाट कोणाची ते ठरतं. हा न्याय कोणी लिहून ठेवलेला नाही. मला आज ज्या खेळाविषयी बोलायचं आहे त्या खेळानं मात्र अगदी असाच न्याय कागदावर लिहून ठेवला आहे, आणि तरीही त्या एका गोष्टीवरून मैदानावर जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरूनही होत नसतील.

हा खेळ म्हणजे सॉफ्टबॉल. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतून, विशेषतः मुलींमध्ये, तो चांगला रुजला आहे. त्याचा जन्म मात्र शिकागोचा. 1887 सालच्या नोव्हेंबर महिन्यात तिथल्या फॅरागट बोट क्लबच्या बंद दिवाणखान्यात जॉर्ज हँकॉक नावाच्या गृहस्थांनी मुष्टियुद्धाचा एक हातमोजा त्याच्याच नाडीनं गुंडाळून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि घरात बसल्या बसल्या बेसबॉल सुरू केला. तो हातमोज्याचा चेंडू खरोखरच मऊ असावा. आजचा चेंडू, घेर बारा इंच, नावाला तेवढा सॉफ्ट आहे. गुडघ्यावर बसला की नावावरचा विश्वास उडतो. 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा सॉफ्टबॉल आला, 2008 नंतर तो वगळला गेला, 2021 मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत पुन्हा दिसला आणि आता 2028 च्या लॉस एंजेलिसच्या स्पर्धेसाठी त्याची निवड झालेली आहे. इतिहास एवढा पुरे.

मैदानाचं चित्र डोळ्यांसमोर आणायला हवं, नाहीतर पुढचं सगळं बोलणं हवेत जाईल. एक चौकोन कल्पा, पतंगासारखा कोनावर उभा केलेला. खालच्या कोपऱ्यात होम प्लेट. तिथं बॅट घेतलेली खेळाडू. तिच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पहिला बेस, वरच्या कोपऱ्यात दुसरा, डावीकडे तिसरा. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत साठ फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटर. चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे धावायचं. ती पोचण्याआधी चेंडू हातात घेऊन बेसला पाय लावलेली क्षेत्ररक्षक तिथं असली, की धावणारी बाद. वेगवान मुलीला हे साठ फूट तोडायला तीन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. त्या तीन सेकंदांत चेंडू जमिनीवरून उचलला जातो, फेकला जातो, झेलला जातो. आणि हे सगळं ज्या एका कोपऱ्यात येऊन मिळतं तो म्हणजे पहिला बेस. एक अंगानं येते आहे, दुसरी हात लांबवून उभी आहे, आणि दोघींची नजर वेगवेगळ्या दिशांना आहे. टक्कर झाली नाही तरच नवल!

नियमाची भाषा आता थोडी पाहू. धावणाऱ्या किंवा बॅट करणाऱ्या पक्षानं क्षेत्ररक्षकाच्या कामात विघ्न आणलं तर तो व्यत्यय. मैदानावरच्या भाषेत इंटरफिअरन्स. उलट, क्षेत्ररक्षकानं धावणारीची वाट रोखली तर तो अडथळा, म्हणजे ऑब्स्ट्रक्शन. मुलं हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, आणि काही मार्गदर्शकही वापरतात. वास्तविक दोन्हींत अपराधी वेगळा आणि शिक्षाही वेगळी. व्यत्यय झाला की पंच त्याच क्षणी खेळ थांबवतो, चेंडू मृत होतो, धावणारी बाद होते आणि बाकीच्या धावणाऱ्या त्या क्षणी ज्या बेसपर्यंत पोचल्या होत्या तिथं परततात. अडथळा झाला तर पंच फक्त डावा हात आडवा धरतो आणि खेळ चालू ठेवतो; चेंडूचा निकाल लागला की मग, अडथळा नसता तर ती कुठवर गेली असती याचा अंदाज घेऊन तिला तो बेस बहाल करतो. प्रेक्षकांना हा आडवा हात दिसत नाही. दिसला तरी पंचांचा खांदा दुखतो आहे असं वाटत असावं.

या दोन शब्दांच्या मध्ये सीमारेषा कुठं आहे? ती जमिनीवर नाही, आणि सगळी मेख इथंच आहे. आपल्या आट्यापाट्यांत पाटीवाल्याचा हक्क पाटीशी बांधलेला असतो. तो आपली पाटी सोडून जाऊ शकत नाही, पण तिच्यावर त्याचं राज्य असतं. सॉफ्टबॉलमध्ये हक्क चेंडूबरोबर फिरतो. बॅटीनं मारलेला चेंडू जिच्याकडे आला आहे, जी तो अडवण्याच्या प्रयत्नात आहे, तिला मैदानावर वाटेल तिथं उभं राहण्याचा अधिकार आहे. मग ती जागा धावणारीच्या नेमक्या वाटेवर का असेना. हंडा तिच्या डोक्यावर आहे. हाच चेंडू तिच्याकडे नसून दुसरीकडे गेला असेल, तर तीच मुलगी त्याच जागी उभी राहून वाट अडवते आहे असं ठरतं. जागा तीच, मुलगी तीच, अर्ध्या सेकंदाचा फरक. आणि निकाल उलटा.

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्याला मी हजर होतो. शेवटचा डाव, एका धावेचं अंतर, पहिल्या बेसवर एक धावणारी. बॅटीवरून चेंडू जमिनीलगत सरपटत पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधल्या भागाकडे निघाला. पहिल्या बेसची क्षेत्ररक्षक तो घ्यायला दोन पावलं आत सरकली आणि वाकली. बेसवरची मुलगी दुसऱ्या बेसवर नजर ठेवून सरळ सुटली होती. खांद्याला खांदा लागला, चेंडू दोघींना चकवून मागं गेला, आणि टाळ्यांच्या कडकडाटात ती मुलगी तिसऱ्या बेसवर जाऊन उभी राहिली. पंचांनी दोन्ही हात वर केले होते. ती बाद, बॅट करणारीला पहिला बेस. मग जे व्हायचं ते झालं. शिट्ट्या, मैदानात धाव, मार्गदर्शकांची आवाजी. सगळ्यांचा मुद्दा एकच: आमची मुलगी आपल्या वाटेनं सरळ पळत होती, मध्ये आली ती दुसरी, मग बाद आमची कशी?

निर्णय अगदी बरोबर होता. मारलेला चेंडू घेणारीला चुकवण्याची जबाबदारी संपूर्णपणे धावणारीवर आहे, आणि या बाबतीत हेतू विचारलाच जात नाही. आपली मनं क्रिकेटवर वाढलेली असल्यामुळे आपल्याला हे खटकतं. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणात अडथळा आणला म्हणून फलंदाज बाद होतो तेव्हा कृती जाणूनबुजून केलेली असावी लागते. 1951 साली ओव्हलवर लेन हटन असे बाद झाले. 1989 साली अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध आपले मोहिंदर अमरनाथ असे बाद झाले. दोन्ही वेळा चर्चा कशाची झाली? मुद्दाम केलं की नाही, याची. सॉफ्टबॉलमध्ये फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत तशी चर्चा करायला जागा आहे. धावता धावता फेकलेला चेंडू नकळत अंगाला लागला तर एरवी गुन्हा नाही. मारलेल्या चेंडूला मात्र ही सवलत नाही. नियम करणाऱ्यांनी का दिली नाही ते उघड आहे. जमिनीवरून उसळणारा चेंडू घ्यायला वाकलेल्या माणसाची मान खाली असते. त्याला येणारी दिसत नाही. येणारीला तो दिसतो. ज्याला दिसतं त्यानं वाट द्यावी.

सामना संपल्यावर ती धावणारी मुलगी माझ्याकडे आली. तिसऱ्या वर्षाला होती, पुढच्या वर्षी खेळायला मिळणार नव्हतं. रडत वगैरे नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "सर, मग मी कुठून पळायला पाहिजे होतं?" अर्धा तास ओरडणाऱ्या मोठ्या माणसांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. त्याचं उत्तर नियमात आहे. वाकलेल्या क्षेत्ररक्षकाच्या पाठीमागून, वळसा घालून जायचं. धावणारीनं आपल्या रेषेपासून तीन फुटांहून अधिक बाजूला जाऊ नये हा जो नियम मुलींच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो तो फक्त, हातात चेंडू घेऊन कोणी आपल्याला शिवायला येत असताना तिला चुकवण्यापुरता आहे. चेंडू अडवणाऱ्याला वाट देण्यासाठी कितीही मोठा वळसा घेतला तरी कोणी बाद धरत नाही. त्या मुलीला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. तीन वर्षं ती सरळ पळायला शिकली होती.

या संरक्षणालाही मर्यादा आहेत, बरं का. पहिली अशी की एका चेंडूसाठी एकाच क्षेत्ररक्षकाला ते मिळतं. चेंडू हळूच टेकवून, ज्याला बंट म्हणतात तसा मारला की पिचर, कॅचर आणि पहिल्या बेसची अशा तिघी एकदम झेपावतात. त्यांतली कोण खरोखर तो घेणार होती ते पंच ठरवतो. उरलेल्या दोघींना कोणी येऊन आदळलं तर त्यांनीच वाट अडवली असं होतं. दुसरी मर्यादा, चेंडू हातातून निसटला तर. एका पावलावर, हाताच्या टप्प्यात असेल तोवर तिचा हक्क कायम. निसटून दूर गेला आणि ती त्याच्यामागे धावत सुटली, तर धावणारीवर जाऊन आदळण्याचा परवाना तिला नाही.

आता दुसरा प्रश्न, तो बॅट करून स्वतः पहिल्या बेसकडे धावणारीचा. होम प्लेटपासून बेसकडे जाताना शेवटच्या अर्ध्या अंतरात, म्हणजे तीस फुटांत, फाऊल लाइनच्या बाहेरच्या अंगाला तीन फूट रुंदीची एक पट्टी आखलेली असते. धावणारीनं त्या पट्टीतून यावं अशी अपेक्षा. कारण होम प्लेटच्या आसपासून फेक येते तेव्हा तिची पाठ त्या फेकीच्या मध्ये येते. पट्टीबाहेर पळणं हा स्वतःहून अपराध नाही. पट्टीबाहेर पळून, बेसवर फेक घेणारीच्या कामात तिनं विघ्न आणलं, असं पंचांना वाटलं तर ती बाद. फेकच आली नाही तर ती कुठूनही पळो.

हा नियम सॉफ्टबॉलला थोरल्या भावाकडून, बेसबॉलकडून मिळाला, आणि त्या घरातली याची दोन भांडणं गाजलेली आहेत. 1969 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मेट्स संघाची बाल्टिमोरशी वर्ल्ड सिरीज चालली होती. चौथा सामना, दहावा डाव, एक-एक बरोबरी. मेट्सच्या जे. सी. मार्टिननं बंट केला. पिचर पीट रिचर्टनं चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला, तो मार्टिनच्या मनगटावर बसून बाजूला गेला, आणि दुसऱ्या बेसवरून रॉड गॅस्परनं विजयाची धाव काढली. पंचांनी काही दिलं नाही. छायाचित्रांत मात्र मार्टिन रेषेच्या आतल्या बाजूनं पळताना स्पष्ट दिसत होता. पन्नास वर्षांनी, 2019 साली, ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीजच्याच सहाव्या सामन्यात वॉशिंग्टनच्या ट्रे टर्नरला याच नियमानं बाद दिलं. खेळ कितीतरी वेळ थांबला, आणि वॉशिंग्टनचे व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझ वाद घालता घालता मैदानाबाहेर काढले गेले. सामना वॉशिंग्टननंच जिंकला, ही गोष्ट वेगळी. टर्नरच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पट्टी रेषेच्या बाहेर आणि बेस रेषेच्या आत! शेवटचं पाऊल टाकायला पट्टी सोडावीच लागते. नियमानं माणसाला बाहेरून पळायला सांगायचं आणि आत पाय ठेवायला सांगायचं, हा थोडा सासूचा न्याय झाला. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलनं 2024 च्या हंगामापासून आतल्या बाजूची, गवतापर्यंतची मातीही धावणाऱ्याला मोकळी करून दिली.

सॉफ्टबॉलनं याहून शहाणा मार्ग काढला. त्यानं पहिला बेसच दुप्पट केला. पंधरा इंचांच्या पांढऱ्या चौकोनाला लागून तेवढाच दुसरा चौकोन, बहुधा नारिंगी. पांढरा भाग रेषेच्या आत, नारिंगी बाहेर. बॅट करून पहिल्यांदा बेसकडे येणारीनं, तिला बाद करण्याचा खेळ चालू असताना, नारिंगीला पाय लावायचा, क्षेत्ररक्षकानं पांढऱ्याला. दोघींची माती वेगळी झाली. धावणारीनं चुकून फक्त पांढऱ्याला पाय लावला आणि ती परतण्याआधी समोरच्या पक्षानं दाद मागितली, तर तिनं बेस चुकवला असं धरतात. एकदा पोचल्यावर मात्र नारिंगीचा संबंध संपला. पुढं उभं राहायचं ते पांढऱ्यावर. फेक फाऊलच्या बाजूनं येत असेल तर दोघींनाही कोणताही भाग वापरता येतो. एवढी साधी सोय. पण घोट्याची, गुडघ्याची किती दुखणी तिनं वाचवली असतील, याचा अंदाज पहिल्या बेसवर लंगडत बाहेर गेलेली मुलगी ज्यानं पाहिली आहे त्याला करता येईल.

क्षेत्ररक्षकानं उभं कुठं राहावं? बेसबॉलमध्ये धावणारा बेस सोडून चार पावलं आधीच पुढं सरकतो, म्हणून पहिल्या बेसवाल्याला त्याला धाकात ठेवण्यासाठी बेसला चिकटून राहावं लागतं. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावणारीला बेस सोडता येत नाही. सोडला तर ती बाद. त्यामुळे पहिल्या बेसची मुलगी मोकळी असते, आणि तिची खरी जागा बेसच्या पुढं, होम प्लेटच्या दिशेनं, बंटवर झडप घालता येईल अशी. ती पुढं गेली की तिच्या मागं बेस सांभाळायला दुसऱ्या बेसची मुलगी धावत येते. आमच्याकडे बऱ्याच संघांत नेमका हा दुवा तुटतो. पहिल्या बेसची बेसवर बसून राहते, कारण तिला "बेस सोडू नकोस" असं सांगितलेलं असतं.

फेक घेताना पांढऱ्या चौकोनाच्या आतल्या कडेला पायाचा चवडा टेकवावा. बेसच्या मधोमध टाच ठेवून उभं राहणं म्हणजे स्वतःच्या घोट्यावर दुसऱ्याच्या बुटाला आमंत्रण देणं. चेंडू कुठून येतो ते पाहून मगच अंग लांबवावं. आधीच लांबवलं तर वाकडी फेक हाती लागत नाही. चेंडू हाती नसताना धावणारीच्या वाटेत उभं राहू नये. "चेंडू येतच होता" ही सबब पूर्वी नियमाला मान्य होती. आता ती गेली आहे. चेंडू प्रत्यक्ष हातात हवा. आणि बंटनंतर कॅचर फेकते तेव्हा पहिल्या बेसवरचीनं "आत!" किंवा "बाहेर!" असं मोठ्यानं ओरडावं, म्हणजे फेक धावणारीच्या पाठीवर न येता तिच्या बाजूनं येते. कॅचरनंही एक पाऊल मैदानात आत टाकून फेकावं. एका पावलात कोन मोकळा होतो. डावखुरी मुलगी संघात असेल तर तिला ही जागा द्या. तिचा मोजा उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या बाजूला असतो आणि तिला अंग फिरवावं लागत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या बारकाव्यांचा एवढा खल कशाला? महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीच्या घरी, स्पर्धेच्या प्रमाणपत्राचा कागद देवघराशेजारी ठेवलेला मी पाहिला आहे. त्या कागदावरचा "विजयी" किंवा "उपविजयी" हा शब्द कधी कधी अशा एका टकरीवर ठरतो. तेव्हा ती टक्कर कोणाच्या हिशेबी धरायची हे पंचांना ठाऊक असायला हवं, आणि त्याआधी मुलींना.

निदान मैदान तरी नीट आखा. मी पाहिलेल्या कित्येक सामन्यांत तीन फुटी पट्टी आखलेलीच नव्हती. मग पंचांनी निर्णय द्यायचा तो कशाच्या आधारावर? फक्कीची अर्धी पाटी पुरते. होम प्लेटपासून पहिल्या बेसकडे दोरी ताणा, 9.14 मीटरवर खुंटी ठोका, तिथून फाऊलच्या बाजूला काटकोनात 91 सेंटीमीटर मोजा आणि बेसपर्यंत, बेसच्या थोडी पुढंही, समांतर रेषा ओढा. दुहेरी बेस विकत घेणं जमत नसेल तर जुन्या रबरी चटईचा पंधरा इंचांचा चौकोन कापून, नारिंगी रंगवून, पांढऱ्या बेसला अगदी भिडवून चारही कोपऱ्यांना पक्का ठोकावा. खिळ्याचं डोकं वर राहता कामा नये, आणि सामन्यापूर्वी कोणीतरी त्यावर पाय घासून तो सरकत नाही ना, हे पाहून घ्यावं.